ओळखीची माणसं

"धोक्याला आमच्याकडे दोन शब्द आहेत, पोरी," दुभाषी म्हणाला. "एक आभाळातून येतो त्याला, दुसरा माणसाकडून येतो त्याला. तुझ्या अहवालात कुठला घालू?"

तिने तोंड उघडायच्या आत दगड खिडकीची काच फोडून आला आणि टेबलावरच्या नकाशावर आदळला.

मदतसंस्थेची ही कचेरी. पूर, साथ, दंगल, कुठे काय होऊ शकतं याचा अंदाज आधीच बांधून ठेवायचा आणि धान्य, औषधं, तंबू त्या बेताने जागेवर पोचवायचे, हे इथलं काम. ते शिकायला ती काही महिन्यांसाठी आली होती, म्हणून सगळे तिला 'शिकाऊ' म्हणायचे. दुभाष्याचं घर कालव्यापलीकडे, दुसरी भाषा बोलणाऱ्यांच्या वस्तीत. "एका पगारात दोन भाषांतल्या शिव्या खातो," असं सांगून तो स्वतःच हसायचा.

सकाळी कालव्यात या वस्तीतल्या दोन पोरांची प्रेतं सापडली होती. पलीकडच्यांनीच त्यांना मारलं, असं म्हणत आता वस्ती कचेरीच्या दारात उभी होती.

प्रमुखबाईंनी शटर खाली ओढलं. फोन कानाला तसाच होता. "पोलीस निघालेत म्हणतात. कुठून निघालेत ते मात्र सांगत नाहीत."

शटरवर पहार बसली. सगळी खोली हादरली.

"त्या पलीकडच्याला बाहेर काढा! बाकीच्यांच्या केसाला धक्का लागणार नाही!"

शिकाऊने आवाज ओळखला. तो तिचा मामा होता. ती त्याच्याच घरी राहत होती. सकाळी त्यानेच तिला स्कूटरवरून इथे सोडलं होतं आणि "साहेबीण, वेळेत घरी ये, मामी जेवायची थांबते," असं बजावलं होतं. या वस्तीत दंगलीची शक्यता कमी, असं तिने अहवालात लिहिलं होतं. बाईंनी भुवया उंचावल्या तेव्हा ठासून सांगितलं होतं, "इथली माणसं माझ्या ओळखीची आहेत."

"माझा मामा आहे. मी बोलते," ती म्हणाली.

दुभाष्याने तिचं मनगट धरलं. "नको. आत्ता तो कुणाचा मामा नाहीये."

हात सोडवून ती बाजूच्या दाराने बाहेर गेली.

गर्दीतले निम्मे चेहरे ओळखीचे होते. दूधवाला, केस कापणारा, मामीची शिंप्याकडची मैत्रीण. मामा पुढे होता, हातात त्याच्या वेल्डिंगच्या दुकानातली पहार.

"मामा, घरी चल."

"बाजूला हो."

"दुभाषी आत नाहीत. ते सकाळीच निघून गेले."

मामाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "माझी भाची आहे. खोटं बोलणार नाही."

पहार खाली आली. मागचे दोघं-तिघं वळलेसुद्धा. आणि त्याच वेळी कचेरीच्या मागच्या बाजूने आरोळी उठली. कुणीतरी न्हाणीघराची जाळी उपटून आत शिरलं होतं. दुभाष्याला शर्टाला धरून, फरफटत पुढे आणलं. त्याचा एक बूट मागेच राहिला होता.

मामाने तिच्या कानाखाली वाजवली. लहानपणापासून त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता.

मग कुणीच कुणाचं ऐकेना. दुभाषी गुडघ्यांवर पडला. तो त्यांच्याच भाषेत विनवत होता, त्यांच्याइतक्याच सफाईने. "अरे, मी तुमच्याच पोरांसाठी औषधं मागून आणली रे!" एकाने त्याच्या तोंडावर लाथ घातली. पुढचे शब्द दातांबरोबर सांडले. काठ्या, विटा, सायकलची साखळी, ज्याला जे सापडलं ते. रक्त डोळ्यांत जाऊन तो आंधळ्यासारखा जमीन चाचपत होता.

मामाने पहार डोक्यावर उचलली. शिकाऊ गर्दीतल्या दोघांच्या पायांमधून घुसली आणि दुभाष्याच्या अंगावर आडवी पडली, एक हात वर करून.

हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला. दुखलं नंतर.

"बाळा!" मामा ओरडला.

त्याने पहार फेकली, तिला उचललं आणि गर्दीतून धावत सुटला. त्याच्या खांद्यावरून तिला मागचं दिसत होतं. तिची जागा मोकळी झाली होती, आणि माणसं पुन्हा तिथे वाकली होती.

"मामा, थांब. त्यांना... मामा, परत चल!"

तो थांबला नाही. दुकानाच्या टेम्पोत तिला घालून त्याने गाडी दवाखान्यापर्यंत पिटाळली. वाटभर रडत होता. "तू कशाला मधे आलीस गं? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कात्रीने बाही कापली. कोपराखालचा हात भलतीकडेच वळला होता. हात उचलताना ती किंचाळली, तेव्हा मामाने पुढे होऊन तो खालून आपल्या दोन्ही तळव्यांवर तोलून धरला.

"कशाने झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पडली," मामा घाईने म्हणाला. "जिन्यावरून."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मामानेही पाहिलं. त्याच्या मिशीवर दुभाष्याच्या रक्ताचे शिंतोडे वाळले होते.

"पडले नाही," ती म्हणाली. "यांनी मारलं. माझे मामा आहेत. आमच्या कचेरीसमोर आणखी एक माणूस पडलाय, त्याला यांनी आणि वस्तीने मारलंय. कदाचित जीव असेल अजून. गाडी पाठवा. पोलिसांनाही सांगा."

डॉक्टरीणबाई दाराकडे धावल्या. व्हरांड्यात हाका सुरू झाल्या, कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

मामाला पळून जाता आलं असतं. दार उघडंच होतं. पण त्याने तळवे काढले असते तर तिचा हात खाली पडला असता. तो तसाच उभा राहिला, वाकून, श्वास रोखून.