निळं दार

नळदुर्गचा किल्ला बघून झाला, धरणही झालं. ज्या पाण्याखाली माहेरचं गाव गेलं, त्या पाण्याकडं मालनबाई घटकाभर नुसत्या बघत राहिल्या. दिवस कलताना त्यांच्या लेकानं, अमृतनं, गाडी हायवेवरच्या 'जुनं गाव' बाजारात आणली. तिथली दुकानंच घरांसारखी सजवलेली होती.

शेवटच्या भिंतीवर एक निळं दार रंगवलेलं होतं. मालनबाई तिथंच थबकल्या. दाराचा खालचा कोपरा उंदरानं कुरतडलेला, अगदी माहेरच्या दारासारखा.

"चित्र हाय ते, आई. मागं पार्किंग हाय," म्हणत अमृत गाडी काढायला गेला.

माहेरी मालनबाईंची आई दिवेलागणीला भाकऱ्या थापायची. हात पिठात असायचे. कुणी दार वाजवलं, की ती तव्यावर दोनदा उलथनं वाजवायची. म्हणजे दार नुसतं लोटलंय, आत या.

मालनबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि भिंतीवर बोटानं टकटक केलं.

आतून तव्यावर उलथनं वाजलं. दोनदा.

भिंतीपलीकडून अमृतनं हॉर्न दिला. मालनबाईंनी चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवल्या.

"तू हो म्होरं," त्या हळूच म्हणाल्या. "जेवून येते."