सोनेरी पट्टीचा चिरूट

"धूर म्हणजे काय धूर व्हता!" तातेराव गुरुजींनी बशी खाली ठेवली. "दारात बसून एकच झुरका सोडला, तर फाटकापाशी मोटारवाल्यांनी दिवसाढवळ्या लाइटं लावली. त्यांना वाटलं धुकं पडलं."

बदनापूर स्टेशनसमोरच्या हॉटेलात बाकड्याच्या कडेला बसलेला पुंजाराम हे ऐकून आणखीच चरफडला.

या बाकड्याचा एक रिवाज होता. कुणी काही नवं ओढून आला, मग ती बिडी असो की सिगारेट, की त्यानं इथं येऊन चव सांगायची. ज्याचं सांगणं सगळ्यात भारी, त्याचा चहा बाकीच्यांकडून. गुरुजींचा पुतण्या संघपाल जहाजावर स्वयंपाकी. सुट्टीवर आला आणि काकाच्या दोस्तांना एकेक चिरूट देऊन गेला. अंगठ्याएवढा जाड, पोटावर सोनेरी कागदाची पट्टी. आज बाकड्यावर दुसरा विषयच नव्हता.

"धुराचं काय सांगता गुरुजी, धूर तर ओल्या तुराट्यांचाबी निघतो," भागवत म्हणाला. त्याचा जन्म जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या भट्टीपुढं गेलेला. धूर आपल्याला विचारूनच वर जातो असा त्याचा समज. "चव सांगा, चव."

"चव? आधी गूळ. मंग भाजलेले शेंगदाणे. आन् शेवटाला..." गुरुजींनी डोळे मिटले, "नव्या कोऱ्या चपलेचं कातडं."

"मला तर बिलकुल वेलदोडा लागला," भागवत सरसावला. " आन् कडक असा, की मी ओसरीत ओढून राह्यलो तर गोठ्यात म्हशीला ठसका. सकाळच्या दुधाला तोच वास. त्या दुधाचा चहा पिऊन शेजाऱ्याची तलफ भागली, बिडी न ओढताच कामाला गेला गडी."

पुंजारामला हसू येईना. छातीच्या डॉक्टरनं त्याला सगळी तंबाखू बंद सांगितली होती. काल संध्याकाळी बायकोनं, उषाबाईनं, अंगणात खाट टाकून दिली आणि म्हणाली, "हा एक ओढा. मन भरून ओढा. पर उद्यापासून नाव काढायचं न्हाई. घ्या माझी शपथ." त्यानं घेतली. मिसरूड फुटायच्या आधीची संगत, निरोप तरी झोकात द्यावा म्हणून धुतलेलं धोतर नेसून बसला.

आणि त्या लेकाच्या चिरुटातनं धूरच येईना! काड्यांची पेटी संपली. टोक करपून कोळसा झालं. ओढून ओढून गाल इतके आत गेले की तोंडातल्या तोंडात एकमेकांना भेटून आले.

"येऊन राह्यला का?" उषाबाई दारातून विचारायची.

"येऊन राह्यला, येऊन राह्यला."

शेवटी संतापून त्यानं चिरूट तळहातावर चुरगाळला, चुना लावला, मळला आणि गालात धरला. मग उचकी लागली ती थांबेचना. उषाबाई म्हणाली, इतकी उचकी तर सगळ्या सोयऱ्यांनी मिळून आठवण काढली तरी येणार न्हाई. उरली ती सोनेरी पट्टी. ती त्यानं करंगळीत घातली होती.

दोघांचे चिरूट असे धुराचे लोट सोडणारे, आणि आपल्याच वाट्याला मुका यावा? तोही शेवटचा?

"तू गप का पुंजाराम?" गुरुजींनी हटकलं. "शेवटचा, शेवटचा म्हणून गावभर मिरवून राह्यल्ता. सांग की."

"झणझणीत व्हता."

"झणझणीत? चिरूट व्हता का ठेचा?" भागवत मांडी थोपटून हसला. "आरं, धूर कसा व्हता?"

"व्हता की धूर. धुरासारखा."

"जाऊ द्या गुरुजी. जन्म बिडीत गेलेला माणूस. चांगला माल वाया घातला तुमच्या पुतण्यानं."

पुंजारामनं करंगळी मुठीत दाबून धरली. उठून निघून जावं असं वाटलं, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. संघपाल आत आला आणि त्यानं भोक असलेली एक छोटी चपटी पोलादी वस्तू टेबलावर ठेवली.

"जय भीम काका. घोळ झाला बघा. ही कात्री द्यायची राहूनच गेली. चिरुटाचं ओठाकडचं टोक बंद असतं. आधी ते छाटायचं, मंग पेटवायचा. न्हाई तर जन्मभर ओढा, धूर येत न्हाई." त्यानं तिघांकडं पाहिलं. "मंग तुम्ही ओढला कसा?"

गुरुजींनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

गुरुजींना एकाएकी आठवलं. "नातीला, मोनालीला क्लासला सोडायचंय."

"आज रविवार हाय, काका."

"मंग तर जल्दी गेलं पाहिजे!" गुरुजी लगबगीनं उठले. काखेतली पिशवी तिरपी झाली आणि तिच्या तोंडातून चिरूट डोकावला. पोटावर सोनेरी पट्टी, वरचं टोक काळंठिक्कर.

"मीबी म्हशीला बघून येतो, ठसका गेला का न्हाई," म्हणत भागवतानं टेबलावरची कात्री उचलली. "ही जरा बघतो, कशी बनवली ते."

"भागवता, थांब! बराबर बघू!"

दोघं दारातून एकदमच निघायला गेले आणि चौकटीत अडकले. मग सुटले आणि रस्त्याला लागले. कोण पुढं जातो याची घाई, चपलांचा नुसता फटाफट आवाज.

बाकड्यावर पुंजाराम एकटा उरला. संघपाल त्याच्याकडं बघत राहिला.

"पुंजाकाका, तुम्हाला न्हाई का काही काम?"

"न्हाई बाबा. माझं कालच उरकलं."

त्यानं करंगळीतली पट्टी हळूच फिरवली. तिला थोडा चुना लागला होता. तो त्यानं नखानं खरवडून काढला, मग हात नाकाशी नेला आणि डोळे मिटून खोल, छाती भरून श्वास ओढला.