तालमीचा रंग

बंदूकधारी घुसले तर काय करायचं, याची अपघात विभागातली तालीम नुकतीच संपली होती. मघाशी जखमी बनून विव्हळणारे स्वयंसेवक आता दात काढत चहा पीत होते, हॉस्पिटलच्या साहेबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. प्रत्येक कपावर लाल बोटं उमटली होती.

मोठ्या सिस्टरना शिसारी आली. पदर खोचून त्या स्वतःच फरशी पुसायला वाकल्या. नकली रक्ताचा तो रंग चिकट होता, आणि अजून कोमट.

"शी! काय कालवलंय यात कोण जाणे," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात रंग पुरवणारा माणूस धापा टाकत दारात आला. त्याच्या हातातल्या कॅनचं सील शाबूत होतं.

"माफ करा सिस्टर, गाडी बंद पडली. माझ्यासाठी थांबलात ना?"

सिस्टरांच्या मागे चहा पिणारे सगळे एकदम गप्प झाले.