घरची ओळ
गिरधरच्या वावरात भरताचा बेत रंगला होता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी बांधाजवळच्या घरच्या ओळीतली होती; त्या ओळीवर तो औषध कधीच मारत नसे. बाजारच्या वांग्यांवर मात्र आठवड्याला फवारणीचा पंप फिरे. धुळ्याहून पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक सुनंदा भरीत वाढता वाढता म्हणाली, “नाना, तिकडे बाजारात मी आपल्या गावच्या गाडीचीच वांगी घेते. तुमच्या हातची समजून खाते.” गिरधरचा घास हातातच राहिला. “घ्या,” लताबाई नवऱ्याला म्हणाली, “लेक घरची, पण तिची ओळ बाजारची.” तो उठला; औषधाची न फोडलेली बाटली त्यानं दुकानात परत द्यायला पिशवीत टाकली. “उद्यापासून किडके शेंडे हातानं खुडू. वांग्यांना भोकं पडतील, पोरी. तरी घेशील?” सुनंदानं त्याच्या भाकरीवर आणखी भरीत वाढलं. “भोक दिसलं की ओळखीन, ही नानांनीच पाठवली.”