विमानाची पावती

भेंडी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीच्या नितीनने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वरचा कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला. सापगावच्या पॅकिंग शेडमध्ये गटाचे शेतकरी पालथ्या क्रेटवर बसले होते.

वरचा कागद म्हणजे एअर वेबिल. गावात त्याला विमानाची पावती म्हणत. माल विमानात चढला की तिची नक्कल गटाला मिळायची. एकाच पावतीवर सगळ्या गटाची भेंडी लंडनला जायची. या वेळी लंडनहून परत आलेल्या नकलेवर तिकडचा लाल शिक्का होता. भेंडीत फवारणीचं औषध मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं आणि माल तिकडेच जाळून टाकला होता.

सापडलं एकाच खोक्यात, असं नितीनने सांगितलं. पण पावती एक, म्हणून माल सगळ्यांचा गेला. खोक्यावरच्या नंबरावरून शेतकरी कळतो. नितीनने तो नंबर वाचला.

नंबर धोंडीचा होता.

धोंडी गटाचा प्रमुख. किन्हवलीच्या अंगाला घरोघर फिरून त्यानेच हा गट उभा केला होता. पहिल्या विमानाच्या पावतीची नक्कल त्याने प्लास्टिकमध्ये घालून घरी देवाच्या फळीवर ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवायचा. आता त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुठे बघावं ते त्याला कळेना.

"म्हशाच्या जत्रेत बैल विकणाराबी आधी दात दाखवतो, दादा," सुदाम म्हणाला. त्याचा बांध धोंडीच्या बांधाला लागून होता. "तू आमाला काय दाखवलंस?"

दोघंतिघं हसले.

"आमीबी फवारतो," सुदाम पुढे म्हणाला. "पण औषध उतरायचे दिवस पाळून तोडतो. तू पाळतोस ना?"

"पाळतो," धोंडी म्हणाला, जरा उशिराने.

नितीनने कंपनीची अट सांगितली. ज्याच्यामुळे हे झालं त्याचा नंबर कापायचा. नाहीतर साऱ्या गटाचा माल बंद.

धोंडीने मान खाली घातली. नंबर माझा, तो म्हणाला, पण भेंडी सगळी माझी नाय. मग त्याने पोश्याचं सांगितलं. पोश्या गावाबाहेरच्या वाडीवर राहणारा. नावावर जमीन नाही, म्हणून त्याला नंबर नाही. ओढ्याकाठच्या तुकड्यावर तो भेंडी लावायचा आणि दर तोड्याला एक टोपली धोंडीच्या घरी आणून द्यायचा. धोंडीची बायको प्रमिला बदल्यात त्याला तांदूळ द्यायची. माल निवडून खोकी भरायचं काम तिचं, टेंपोत चढवायचं धोंडीचं. बाहेरचा माल मिसळायचा नाही असा गटाचा नियम होता. तो मोडल्याचं धोंडीने सगळ्यांसमोर कबूल केलं. गरिबाची एक टोपली, म्हणून डोळेझाक केली, असं तो म्हणाला.

"तो काय मारतो?" नितीनने विचारलं.

"पंप नाय त्याच्याकडं. कुणाचा तरी मागून आणत असल. काय कालवतो, त्यालाच ठाऊक."

पोश्या बाहेरच होता. क्रेट उतरवायला धोंडीनेच त्याला सोबत आणलं होतं. त्याला आत बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला आणि खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन पिळत राहिला. नितीनने त्याला पावतीवरचा शिक्का दाखवला, झालेलं सांगितलं आणि विचारलं, भेंडीवर काय फवारलंस?

पोश्याने धोंडीकडे पाहिलं. धोंडी शिक्क्याकडे बघत होता.

"दादा बोलतो तं तसंच असल," पोश्या म्हणाला.

मग फार वेळ लागला नाही. पोश्याचा माल गटातल्या कुणीही घ्यायचा नाही असं ठरलं. त्याला शेतावर कामालाही बोलवायचं नाही, असं सुदामने सुचवलं. त्यावर धोंडीने काहीतरी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. बाहेरचा माल पुन्हा मिसळणार नाही, असं नितीनने त्याच्याकडून लिहून घेतलं. धोंडीचा नंबर राहिला.

परतताना टेंपोत पुढची जागा रिकामी होती. पोश्या मागे रिकाम्या क्रेटमध्ये बसला. धोंडीने त्याला पुढे बोलावलं नाही. आरशात पोश्याचा खांदा दिसत होता, म्हणून त्याने आरसा फिरवला.

वाडीच्या वाटेवर पोश्या उतरला आणि खिडकीशी आला.

"उद्यापासून टोपली नको ना आणू?"

"नको."

"वयनीला तेवढं सांग. नायतं वाट बघल."

तो ओढ्याकडे वळला. धोंडीच्या तोंडात शब्द आला होता. त्याने गिअर टाकला.

घरी ओटीवर नात भाविका कच्ची भेंडी कुरकुर चावत बसली होती. हातात अजून दोन होत्या. प्रमिला विळीवर संध्याकाळची भाजी चिरत होती. धोंडीने पाय धुतले. देवाच्या फळीकडे न बघता तो भिंतीला टेकला.

काय झालं, तिने विचारलं. त्याने सांगितलं. माल जाळला. नंबर आपलाच निघाला, सगळ्यांसमोर वाचला, जमिनीत गडप व्हावं असं झालं. पण निभावलं. दोष पोश्याच्या टोपलीचा होता. त्यानेही मान्य केलं. उद्यापासून तो येणार नाही.

प्रमिलाचा हात विळीवरच थांबला.

"पोश्याची भेंडी लंडनला कवा गेली?" ती म्हणाली. "पोरगी कच्ची खाते, म्हणून मीच त्याला सांगितलंय, औषध मारू नको. त्याची टोपली मी कधी खोक्यात घातलीच नाय, आपल्या घरात तीच शिजते. आता पोरीला काय आपल्या शेतातली घालू?"