एकाच बाजूला कललेल्या ओळी

नव्या राजवटीने रोहिमाचं नाव बदललं, कुराण जाळलं आणि तिला एकटीलाच परक्या, बिगरमुस्लिम ख्मेर लोकांच्या गावात भातलावणीला धाडलं. नमाज पढला तर मरण होतं. पण लावणी करताना वाकायला, कपाळ चिखलापर्यंत न्यायला कोण हरकत घेणार? म्हणून ती मक्केकडे तोंड करून रोपं लावायची आणि तिच्या खाचरातली ओळ पश्चिमेला जाणारा बांध सोडून जराशी उत्तरेकडे कलायची. "ए म्हातारे, नजर गेली का तुझी? ओळ वाकडी!" पहारेकरी खेकसला. "कंबर धरलीय, बाबा." "तुझीच नाही, त्या पलीकडच्या तिघींचीही! सगळ्यांच्या ओळी एकाच बाजूला वाकड्या. म्हातारपणाची साथ आलीय का?" हसत तो निघून गेला. रोहिमाने चमकून वर पाहिलं. तिन्ही खाचरांतून तिघी तिच्याकडेच बघत होत्या. तिने धरलेली कंबर ताठ केली. मग हातात रोपं घेऊन चौघीही मक्केकडे एकाच वेळी वाकल्या.