हार्ड म्हणजे काय

“नलू, हार्ड म्हंजे काय गो?”

यशोदाने तांदूळ निवडता निवडता विचारलं आणि नलूने पुस्तकातून डोकं वर काढलं. आठवीत इंग्रजी सुरू झाल्यापासून आईने तिला एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. विचारणार तरी कशाला? गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बॉबिनशी इंग्रजी बोलावं लागत नाही.

“हार्ड म्हणजे कडक. टणक.”

“नुसता अर्थ नको. वाक्यात सांग. तुमचे मास्तर सांगतात तसं.”

नलूला तेच हवं होतं. चिंतामणी मास्तर वर्गात शब्द द्यायचे आणि एकेकीला उभं करून वाक्य करून घ्यायचे. ती नीट मांडी घालून बसली. “द स्टोन इज हार्ड. दगड कडक आहे. द लाडू इज हार्ड.”

“लाडू कुठला?”

“कमळामावशीचा. दिवाळीतला.”

यशोदा हसली. कमळाबाईच्या लाडवांनी अख्ख्या चाळीचे दात हलवले होते. “आणि सॉफ्ट?”

“सॉफ्ट म्हणजे मऊ. द कॉटन इज सॉफ्ट. द लोणी इज सॉफ्ट.” नलूने शेजारी झोपलेल्या धाकट्या भावाचा गाल ओढला. “बंडूज गाल आर सॉफ्ट. गालाला काय म्हणतात ते अजून आलं नाही आम्हांला.”

“ह्या दोघांच्या मधला शब्द आहे काय एखादा?”

नलूने विचार केला. “नाही शिकवला.”

यशोदाने मान हलवली आणि सुपातला एक खडा बाहेर टाकला.

सकाळी ती परळच्या एका मोठ्या इस्पितळात जाऊन आली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, गिरण्या बंद, म्हणून खाडा पडणार नव्हता. ट्राम नव्हती, चालत गेली. घरी सांगितलं होतं, खांदा दुखतो. दुखत काहीच नव्हतं. उजव्या स्तनात गाठ होती, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी खाडा कोण करतो, म्हणून दिवाळीपासून तिने ती तशीच ठेवली होती.

पडद्यामागे मोठे डॉक्टर होते आणि त्यांच्यामागे शिकाऊ पोरांचा घोळका. यशोदाच्या आधीच्या बाईला पोरांनी पाळीपाळीने तपासलं. सगळे म्हणाले, सॉफ्ट. ती बाई गोळ्या घेऊन घरी गेली. मग यशोदा. पहिला म्हणाला, हार्ड. दुसराही हार्ड. तिसरा, कोवळ्या मिशीचा, सॉफ्ट म्हणाला आणि यशोदाला तो पोटच्या पोरासारखा वाटला. मोठे डॉक्टर त्याच्यावर डाफरले. त्याने पुन्हा दाबून पाहिलं, तिच्या तोंडाकडे न बघता हार्ड म्हणाला आणि मागे सरकला. तिला मराठीत एवढंच सांगितलं, “नवऱ्याला घेऊन या. उद्याच.”

तळमजल्यावरच्या जाईबाईलाही असंच नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं होतं. ती पाऊस सुरू व्हायच्या आत गेली.

तरी एक वेडी आशा यशोदाने परळपासून काळाचौकीपर्यंत पदरात बांधून आणली होती. इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ काहीही असू शकतो. कदाचित हार्डच चांगलं असेल. ती आशा आता दगडाने आणि लाडवाने संपली.

रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. मोर्चा परतत होता. तिचा नवरा राजाराम त्यात होता. घसा बसलेला, पण खुशीत येईल, मुंबई आपलीच म्हणत. आल्या आल्या त्याला भाकरी लागेल.

यशोदा उठली. तिने शेगडी पेटवली, पाणी तापवलं, परातीत तांदळाचं पीठ घेतलं. मग परात नलूपुढे सरकवली.

“पुस्तक ठेव. हे मळ.”

नलू बघतच राहिली. मॅट्रिक होईपर्यंत माझ्या पोरीच्या हाताला पीठ लागणार नाही, असं यशोदाने एकदा नळावर भांडून जाहीर केलं होतं. तेव्हापासून बाया तिची टिंगल करायच्या. पाणी भरायला नलू, भांडी घासायला नलू, पण एकदा पोरगी शेगडीपुढे बसली की तिची शाळा सुटते, हे यशोदाला स्वतःवरून माहीत होतं.

“उद्या चाचणी आहे माझी. इंग्रजीची.”

“असू दे.”

नलूने पीठ मळायला घेतलं. बोटं पोळली. गोळा झाला, पण कोरडा, भेगाळलेला. यशोदाने तो बोटाने दाबून पाहिला.

“ह्याला काय म्हणशील?”

“हार्ड,” नलू फुरंगटून म्हणाली.

“मग पाणी घाल. अजून घाल. पीठ ऐकतं.”

पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, तू कर ना. बाबा येतील आता.”

“मोडू दे. दुसरी कर. बंडूला कडेची कडक भाकरी चालत नाही, ध्यानात ठेव.”

कमळाबाई बादली घेऊन गॅलरीतून चालली होती. दारात थबकली, आत बघितलं आणि बादली खाली ठेवून कमरेवर हात ठेवला.

“काय गो यशोदे, मॅट्रिक झाली काय तुझी पोर?”

जिन्यात राजारामचा बसलेला आवाज ऐकू आला. तो कुणाला तरी सांगत होता, आता फार दिवस नाहीत, बघच तू. यशोदाने परातीतला दुसरा गोळा उचलून नलूच्या हातात दिला.

“झाली,” ती म्हणाली.